सिस्टरांच्या जीपचे ब्रेक

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी आधी माझं ब्लड प्रेशर घेतलं. "बसा. बाही वर करा," म्हणाल्या आणि दंडाला पट्टा आवळला. मी मोजणी खात्यात नोकरीला. बदली होऊन जुन्नरला आलो होतो आणि दोन ठिकाणी एकट्या माणसाला खोली द्यायला नकार मिळाला होता, म्हणून मुकाट बसलो. हवा सोडता सोडता त्यांनी विचारलं, "दारू?"

"नाही."

"घरी भांडून आलाय?"

"नाही. बदली झाली."

त्या पाऱ्याकडे बघत राहिल्या. मग पट्टा सोडवत म्हणाल्या, "खरं बोलताय. खोली बघून घ्या."

गल्लीत त्यांना सगळे सिस्टर म्हणत. मूळच्या बोरी बुद्रुकच्या. आजोबांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हाच घरातली मुलगी शाळेबाहेर राहायची नाही असं ठरवून टाकलं होतं. त्यातून त्या शिकल्या, नर्स झाल्या आणि सगळी नोकरी त्यांनी आंबेगाव तालुक्याच्या डोंगरी भागात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला काढली. नवरा लवकर गेला. एक मुलगा, तो चिंचवडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. निवृत्त झाल्यावर जुन्नरच्या घरात त्या एकट्याच राहत आणि खाली एक खोली भाड्याने देत.

भाडेकरू म्हणजे त्यांच्या दृष्टीने पेशंट. मी सकाळी शिंकलो तर वरून आवाज यायचा, "पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा." नळावर दात घासताना त्या जीभ बाहेर काढायला लावत. कोणी पाहुणा आला की त्याच्या पायांना सूज आहे का हे आधी बघत आणि मग नाव विचारत. माझा मोठा भाऊ पहिल्यांदा आला तेव्हा त्याला त्यांनी अंगणातच उभं करून पोटरी दाबून पाहिली. तो पुढे वर्षभर जुन्नरला आला नाही.

त्यांची सगळ्यांत मोठी पेशंट दारात उभी असायची. ती म्हणजे जीप. आरोग्य खात्याची जुनी, पांढरी, लांब पाठीची. खात्याने ती मोडीत काढली आणि लिलावाला लावली, तेव्हा सिस्टरांनी ती घेतली. मुलगा म्हणाला, गाडी येत नाही आणि गाडी काय करायचीय? त्यावर त्या गाडी शिकल्या. साठी उलटल्यावर लायसन काढायला गेल्या तेव्हा साहेबाने विचारलं, या वयात कशाला, तर म्हणाल्या, "आजवर ड्रायव्हरची वाट बघत बसले, म्हणून."

चालवायच्या मात्र नेमाने आणि अनवाणी. चपला काढून सीटखाली सरकवायच्या आणि मगच किल्ली फिरवायच्या. पायाला लोखंड कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हॉर्न फार क्वचित वाजवत. आडव्या आलेल्या माणसाजवळ गाडी थांबवून त्याला समजावून सांगत, आणि मागे गाड्यांची रांग लागली तरी त्यांचं बोलणं पूर्ण झाल्याशिवाय जीप हलत नसे. प्रवास संपला की उतरून चारही चाकांजवळ तळहाताची मागची बाजू नेत, लहान मुलाच्या कपाळाला लावावी तशी. "ताप न्हाई," असं स्वतःशीच म्हणत आणि मग घरात जात.

ही जीप दर शनिवारी डोंगरात जाई. ज्या वाड्यांमध्ये त्यांनी नोकरी केली तिथली म्हातारी माणसं दवाखान्यात आपणहून जात नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. भाताची खाचरं, नाचणीची उतारावरची शेतं आणि चार गुरं सोडून निघायचं म्हणजे दिवस मोडतो. म्हणून सिस्टर सकाळी जायच्या, गाडीत मावतील तेवढ्यांना बसवायच्या आणि घोडेगावच्या सरकारी दवाखान्यात आणायच्या. कोणाचे डोळे, कोणाची साखर, कोणाचा खोकला. दुपारी परत वर सोडायच्या. सुट्टीच्या शनिवारी मीही सोबत जाऊ लागलो. मला डोंगर बघायला आवडायचं आणि त्यांना गाडीचं मागचं दार बाहेरून लावायला माणूस लागायचा.

पावसाळा सरल्यावरचा असाच एक शनिवार. मागे पाचसहा म्हातारे-म्हाताऱ्या बसलेल्या. पुढे सिस्टरांच्या शेजारी मी आणि माझ्या नि दाराच्या मधे ठकूबाई. ठकूबाई म्हणजे त्या वाडीतल्या सगळ्यांत वयस्कर बाई, अंगाने काटकुळ्या आणि बोलायला मोजक्या. उतार लागला होता. सिस्टर दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होत्या, नेहमीसारख्या. वळण घेतलं तर समोर लाकडं भरलेला टेम्पो रस्त्यातच उभा. त्याचं चाक बसलं होतं.

सिस्टरांनी ब्रेक दाबला. जीप हळू झाली, पण थांबेना. मला आठवतंय ते असं, की घाई कुठेच नव्हती. टेम्पो जवळ येत होता आणि सिस्टर सीटवरून अर्ध्या उठून ब्रेकवर उभ्या राहिल्यासारख्या दिसत होत्या. मग त्यांनी गिअर खाली टाकला आणि स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला ओढलं. डावं मडगार्ड मातीच्या भिंतीत घुसलं आणि गाडी थांबली. टेम्पो हाताच्या अंतरावर होता.

त्या उतरल्या. आधी मागचं दार उघडून एकेकाला हात लावून पाहिलं. बाकी सगळे ठीक होते. ठकूबाईंचं मनगट मात्र दारावर आपटून सुजलं होतं. गाडीतल्या स्वच्छ फडक्याची पट्टी करून सिस्टरांनी ते बांधलं. मग गाडीकडे वळून म्हणाल्या, "ब्रेक लागला न्हाई."

टेम्पोवाला म्हणाला, "बाई, लायनर बघून घ्या."

"मागल्या महिन्यातच बदललेत. रफिकनं."

रफिक हा जुन्नरचा मेकॅनिक. बाजाराच्या वाटेवर त्याचं पत्र्याचं गॅरेज. चाळिशीचा, चिडका, पण हात स्वच्छ ठेवणारा, म्हणून सिस्टरांनी त्याला पसंत केलेलं. त्या दिवशी टेम्पो हलल्यावर सिस्टरांनी जीप पहिल्या गिअरमध्येच सावकाश उतरवली, आणि मग घोडेगावच्या दवाखान्यात, वाडीवर आणि संध्याकाळी आमच्या गल्लीत त्यांनी एकच गोष्ट सांगितली. रफिकनं काम नीट केलं न्हाई. गाडीत माणसं व्हती. ठकूबाईचा हात गेला असता. त्यांचा शब्द म्हणजे गावात सर्टिफिकेट, त्यामुळे दोन दिवसांत रफिकच्या गॅरेजसमोर उभ्या राहणाऱ्या जीपा आणि पिकअप कमी दिसू लागल्या.

तिसऱ्या दिवशी रफिक स्वतःच जॅक घेऊन दारात आला. नमस्कार नाही, काही नाही. सिस्टरांना खुर्ची टाकून बसायला सांगितलं आणि त्यांच्यासमोर चारही चाकं उघडली. त्या गाडीला पुढेमागे सगळीकडे जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. चाकाच्या आत लोखंडी डबा आणि डब्याच्या आतून दाबणाऱ्या दोन पट्ट्या, म्हणजेच लायनर. त्याने पट्ट्या दाखवल्या, नव्याच होत्या. तेल कुठे गळत नव्हतं. नळीत हवा नव्हती.

"आता बोला," तो म्हणाला.

"मंग गाडी थांबली का न्हाई?"

"गाडी जुनी हाय सिस्टर. तुमी पुढं डिस्क बसवा. आता कोन ड्रम वापरतं?"

इथून महिनाभर आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी आणि तिला चिमट्यात पकडणारा ब्रेक, एवढं आता भाजीवालीलाही माहीत झालं. मुलाने चिंचवडहून फोनवर सांगितलं, चारही चाकांना डिस्क टाक, नाहीतर गाडीच विक. समोरचे निवृत्त मास्तर म्हणाले, रुंद टायर घाला. दूधवाला म्हणाला, लई जड माणसं बसवता राव, दोन कमी बसवा. सिस्टर सगळ्यांचं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "तपासल्याशिवाय औषध देत न्हाई मी." शनिवारच्या फेऱ्या त्यांनी बंद ठेवल्या होत्या. शनिवारी सकाळी मात्र त्या साडी बदलून ओट्यावर बसत आणि दुपारपर्यंत कोणाशी फारसं बोलत नसत.

मग एक दिवस त्यांनी माझी मोजणीची टेप मागितली.

आठवडे बाजाराचं मैदान बाजार नसला की मोकळं असतं. तिथे त्यांनी विजेच्या खांबापाशी फक्कीने एक पांढरी रेघ मारून घेतली. रेघेवर आल्यावर ब्रेक दाबायचा आणि गाडी जिथे थांबेल तिथे दुसरी रेघ. वेग सगळ्यांनी सारखाच ठेवायचा. रफिकलाही बोलावलं होतं. तो हाताची घडी घालून, आपल्यावरचा खटला ऐकायला आल्यासारखा उभा होता.

पहिल्यांदा सिस्टरांनी चालवली. मी रेघ मारून टेपने अंतर मोजलं. मग रफिकने चालवली. गाडी बरीच अलीकडे थांबली. मग दूधवाल्याने. तीही अलीकडेच. मग मी बसलो. मला खात्याची जीप चालवायची सवय होती. मी ब्रेक दाबला आणि गाडी रफिकच्या रेघेच्या जवळपास उभी राहिली. पायाला जोर द्यावा लागत होता, पण ब्रेक लागत होता.

सिस्टर म्हणाल्या, "परत." त्यांनी पुन्हा चालवली. त्यांची रेघ पुन्हा पुढेच. बघायला जमलेली चार माणसं उगाच इकडेतिकडे बघू लागली. रफिकच्या चेहऱ्यावर मला समाधान दिसेल असं वाटलं होतं, पण त्याने फक्त फक्कीची पिशवी उचलली आणि तिचं तोंड बांधून जीपमध्ये ठेवली. सिस्टरांनी चपला घातल्या, किल्ली माझ्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर बसल्या. घरापर्यंत मी गाडी चालवली.

घरी आल्यावर त्यांनी मला ओट्यावर उभं केलं. "खिडकीचा गज धरा. एका पायावर उभे ऱ्हावा आणि टाच उचला." मी उचलली. "आता दुसरा पाय." तोही उचलला.

मग त्यांनी गज धरला. डाव्या पायावर उभ्या राहून टाच सहज वर केली. उजव्या पायावर आल्या. टाच उचलायला गेल्या आणि ती उचललीच नाही. पाऊल फरशीला चिकटल्यासारखं. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा गजावरचा हात ताठ झाला आणि खांदा वर गेला, पण टाच तिथेच.

त्यांनी हात सोडला. पायरीवर बसून स्वतःची पोटरी दाबून पाहिली, एक, मग दुसरी. "ही बारीक झालीय," त्या म्हणाल्या. दुसऱ्या कोणाच्या पायाबद्दल बोलावं तसं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पायात जोर न्हाई. मला वाटलं, ब्रेक कडक झालाय."

मी दवाखान्यात जाऊ म्हणालो. त्यांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं आणि उठून स्वयंपाकाला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या रफिकच्या गॅरेजवर गेल्या. गिऱ्हाईक असेल अशी वेळ त्यांनी मुद्दाम निवडली होती. दोन पिकअपवाले आणि एक ट्रॅक्टरवाला उभा होता. त्यांच्यासमोर त्या म्हणाल्या, "रफिक, तुझं काम चांगलं व्हतं. माझा पाय कमी पडला. मी गावभर तुझं नाव घेतलं, आता गावभर हे सांगते." रफिक गोंधळला. "बसा ना सिस्टर, चहा घ्या," एवढंच बोलला. त्या दुपारी त्या खरोखर घरोघर फिरल्या. ज्याच्याज्याच्याकडे रफिकची तक्रार केली होती, त्याच्याकडे जाऊन ती मागे घेतली. मास्तर म्हणाले, "जाऊ द्या हो, कोण लक्षात ठेवतंय." त्या म्हणाल्या, "तुम्हीच तुमची स्कूटर त्याच्याकडनं काढून घेतलीत."

आता प्रश्न उरला ब्रेक बदलायचे की नाही, आणि बदलायचे तर कोणते. डिस्कचं सामान मागवायच्या आधी रफिकने नारायणगावच्या आपल्या उस्तादाला फोन केला, तेव्हा कळलं की नुसते डिस्क बसवले तर पायाला उलट जास्त जोर लावावा लागतो. ड्रमच्या पट्ट्या फिरत्या चाकाबरोबर थोड्या आपोआप ओढल्या जातात, डिस्कचं तसं नसतं. म्हणजे मुलाचा सल्ला आणि रफिकचाही पहिला सल्ला ऐकला असता तर सिस्टरांची गाडी आणखीच पुढे जाऊन थांबली असती. हे ऐकून रफिक स्वतःवरच वैतागला. उस्ताद म्हणाला, ड्रम राहू दे, बूस्टर लाव. बूस्टर म्हणजे पेडल आणि तेलाच्या सिलिंडरच्या मधे बसणारा पत्र्याचा मोठा डबा. इंजिनवर चालणारा पंप त्यातली हवा ओढून घेतो आणि पायाने थोडं दाबलं तरी ब्रेक भक्कम लागतो.

रफिकने एका मोडलेल्या गाडीचा बूस्टर दाखवला. सिस्टर म्हणाल्या, "दुसऱ्याला टोचलेली सुई मी वापरत न्हाई." मग नवा आणला, पंपासकट.

पुन्हा तेच मैदान, पुन्हा फक्की. या वेळी सिस्टरांनी ब्रेक दाबला आणि गाडी रफिकच्या जुन्या रेघेच्याही अलीकडे उभी राहिली. रफिक हसला. दूधवाल्याने टाळी वाजवली. सिस्टर मात्र गाडीतून उतरल्या नाहीत. त्यांनी मला बोलावलं आणि साडीच्या ओटीतला लाल रुमाल दिला. "आता रेघेवर दाबायचं न्हाई. तुमी कडेला उभे ऱ्हावा आणि मनात येईल तवा रुमाल वर करा. मला सांगू नका."

त्या वेगात आल्या. मी रुमाल वर केला. गाडी थांबली, पण माझ्या अंदाजाच्या बरीच पुढे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी रुमाल दूधवाल्याकडे देऊन मी त्यांच्या शेजारी बसलो आणि त्यांच्या पायाकडे बघितलं. रुमाल दिसल्यावर पाऊल अॅक्सिलरेटरवरून उचलायचं, ब्रेकवर न्यायचं आणि दाबायचं. दाबणं आता हलकं झालं होतं. उचलून नेणं मात्र तसंच राहिलं होतं. त्या हाताने मांडी उचलू पाहत होत्या.

रफिक जवळ येऊन म्हणाला, "प्रॅक्टिसनं व्हईल सिस्टर."

"न्हाई व्हनार." त्यांनी किल्ली काढली. "गाडी आता चांगली झाली. माणसं बसवायला हरकत न्हाई. फक्त मी चालवायची न्हाई."

त्या रडल्या वगैरे नाहीत. पण सीटखालून चपला काढताना त्यांना बराच वेळ लागला आणि आम्ही तिघेही तेवढा वेळ बूस्टरकडे बघत उभे राहिलो.

पुढच्या सुट्टीच्या शनिवारी मी गाडी चालवली आणि त्या शेजारी बसल्या. वाडीवर पोचलो तेव्हा माणसं अंगणात गोळा झाली. इतक्या दिवसांनी जीप आली म्हणून कोणी पाणी आणलं, कोणी घोंगडी अंथरली. सिस्टर घोंगडीवर बसल्या नाहीत. उभ्यानेच म्हणाल्या, "त्या दिवशी ब्रेक गेला न्हवता. मी तुमाला चुकीचं सांगितलं. माझ्या पायात जोर न्हाई. तुमी सगळे मागं बसला व्हता आणि मी तशीच चालवत व्हते." मग ठकूबाईंकडे वळून म्हणाल्या, "तुमचं मनगट माझ्यामुळं सुजलं."

ठकूबाई उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मनगट बरं झालं," त्या म्हणाल्या. "पाय कुनाला दावला का?"

सिस्टरांनी वाकून सुपातला एक खडा वेचला.

"डाक्टरला दावला का, इचारते."

"न्हाई अजून."

ठकूबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा अंगावर धुतलेलं लुगडं होतं. त्या दिवशी ज्यांना दवाखान्यात यायचं होतं त्यांना त्यांनी सांगितलं, "आज न्हाई कुनी. फुडच्या खेपंला." आणि जीपमध्ये येऊन बसल्या. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी गाडी सुरू केली.

घोडेगावच्या दवाखान्यात सिस्टरांना सगळे ओळखत. एरवी त्या सरळ आत जाऊन डॉक्टरांच्या टेबलाशी उभ्या राहत. त्या दिवशी ठकूबाईंनी त्यांना बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. नंबर आल्यावर तिघेही आत गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाय तपासायला घेतला तसं सिस्टर सांगू लागल्या, आधी गुडघा वाकवून बघा, मग अंगठा. ठकूबाई म्हणाल्या, "त्यास्नी बघू द्या."

डॉक्टरांनी कंबर दाबली, पाय उचलून पाहिला, तळव्याला पेनने रेघ ओढली. म्हणाले, मणक्यात नस दबलेली दिसतेय, पुण्याला जाऊन मशीनवर तपासणी करावी लागेल. मग त्यांनी विचारलं, "त्रास कधीपासून आहे?"

"महिना-दीड महिना," सिस्टर म्हणाल्या.

"भाताच्या लावनीपासून," ठकूबाई म्हणाल्या.

सिस्टरांनी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"तवापासून पाय वढताय तुमी. गाडीतून उतरताना दाराला धरता. वाडीत समद्यांनी बघितलंय."

मी त्यांच्याच घरात राहत होतो, रोज जिन्यावरून त्यांची पावलं ऐकत होतो, आणि मला हे माहीत नव्हतं. सिस्टरांनी अगदी हळू विचारलं, "मंग मला सांगितलं का न्हाई?"

ठकूबाईंना हा प्रश्नच अवघड वाटला असावा. त्यांनी पदर सारखा केला. "तुमाला काय सांगायचं? तुमी शिस्टर. आमाला वाटलं, तुमाला ठावं आसंल."

डॉक्टर कागदावर लिहीत होते. सिस्टर टेबलाच्या कडेकडे बघत बसून राहिल्या आणि ठकूबाईंनी खाली वाकून त्यांच्या चपला त्यांच्या पायाशी सरकवल्या.

पुण्याला ऑपरेशन झालं. मुलाकडे काही महिने राहून त्या परत आल्या. पाय बराच सुधारला, पण टाच अजून पुरती उचलत नाही. माझी बदली झाली आणि आता मी दूर विदर्भात आहे. जीप शनिवारी रफिक चालवतो, त्या दिवशी गॅरेज बंद ठेवून. हे मला सिस्टरांनीच फोनवर सांगितलं. रफिक वळणावर गिअर उशिरा बदलतो अशी तक्रारही केली. मी पायाचं विचारलं.

"ठीक हाय," त्या म्हणाल्या. "ठकूबाई दर शनिवारी अंगणात चालून दाखवायला लावते. उंबऱ्यापासून जांभळीपर्यंत आणि परत. समदी वाडी बघत बसते."

"मग? काय म्हणतात?"

"मागल्या खेपेला म्हनाली, जरा बरं हाय. अजून चाला."